तांब्याची तार मुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळांची आणि घरोघरच्या शौकिनांची ध्वनिसामानाची खरेदी सुरू होते. हल्ली त्यात एक सल्ला हमखास मिळतो : ‘केबल नवी आहे, 200 तास वाजू द्या, मग आवाज खुलेल.’ रोज दोन तास ऐकणाऱ्याचे त्यात 100 दिवस जातात आणि माल परत करायची मुदत केव्हाच टळलेली असते. यात गिऱ्हाइकाचे सरळ नुकसान आहे.

बसायला वेळ घेणाऱ्या वस्तू असतात. तंबोऱ्याच्या नव्या तारा ताण घेईपर्यंत पुन्हा पुन्हा उतरतात. नव्या स्पीकरच्या कोनाची, म्हणजे हलणाऱ्या शंकूची, कड आणि स्पायडर म्हणतात ती आतली जाळी सुरुवातीच्या वापरात थोडी सैल होते, आणि ते मोजता येते. केबलमध्ये हलणारा भागच नाही. तांब्याची कणरचना बदलायची तर तार भट्टीत तापवावी लागते. गाण्याच्या प्रवाहाने ती धड कोमटही होत नाही.

आपल्या ग्वाल्हेरचीच हवा घ्या. तांब्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. जानेवारीतली 5 अंशांची पहाट ते मे महिन्यातली 45 अंशांची दुपार, म्हणजे 16 टक्क्यांची वाढ. 2.5 चौरस मिमीच्या पाच मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध थंडीत 0.066 ओहम असेल तर उन्हाळ्यात 0.077. आठ ओहमच्या स्पीकरवर हा फरक डेसिबलच्या (आवाजाच्या पातळीच्या मापाच्या) शंभराव्या हिश्श्याएवढा पडतो. दरवर्षी घडणारा हा बदल आजवर कुणाच्या कानाला जाणवलेला नाही.

मग नवी केबल लावताच आवाज स्वच्छ का वाटतो? बहुधा प्लगमुळे. अॅम्प्लिफायरमध्ये खोचलेला जुना आरसीए प्लग (मध्ये एक पिन, भोवती कडे) उपसताना सॉकेटमधला काळपट थर खरवडला जातो आणि खरखर थांबते. जुनीच केबल चार-पाच वेळा काढून घाला, तोच गुण येतो. पुढच्या महिन्याभरात कान सरावतो, त्याचे श्रेय तारेला मिळते.

पडताळा घरीच घ्यावा. एकाच जातीच्या दोन केबली आणाव्यात, एक 200 तास वाजवावी, दुसरी पाकिटात ठेवावी. मग दुसऱ्याने नाणे उडवून पडद्याआड केबल लावावी, ऐकणाऱ्याने ओळखावी. आवाजाच्या बटणाला हात लावू नये. सोळापैकी बारा वेळा बरोबर आले तरच काही ऐकू येते म्हणावे. आठ-नऊ तर नुसत्या अंदाजानेही येतात.

पैसे घालायचे ते जाडीत आणि जोडणीत. मांडवात 20 मीटर ओढायची तर 2.5 चौरस मिमी घ्या. 1 चौरस मिमीत रोध 0.7 ओहमपर्यंत जातो. एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम आहे, त्याचा रोध साधारण दीडपट. माइकच्या एका एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलीत 2 आणि 3 क्रमांकाच्या पिना उलट जोडल्या असतील तर एकाच गायकापुढचे दोन माइक एकमेकांचा आवाज खातात. मल्टिमीटरवर हे दोन मिनिटांत कळते, आणि तो दोष 200 तास वाजवूनही तसाच राहतो.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ, लष्कर, ग्वाल्हेर