ड्युईच्या वर्गातल्या १७ मुली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन आला की पेपरात आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्यावर लेख असतो आणि त्यात पुस्तकांना विषयवार नंबर द्यायची पद्धत काढणारा अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्युई पण असतोच, त्याबद्दल तक्रार नाही, दोघं मोठेच. पण ड्युईने १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी पहिला कोर्स काढला तेव्हा समोर बसलं कोण होतं हे कोणी लिहीतच नाही. २० जणांत १७ मुली! विश्वस्तांना मुली कॉलेजात नकोच होत्या, वर्गखोली मिळेना, मग चॅपलच्या वरची अडगळीची खोली साफ करून तिथे वर्ग भरला. दोन वर्षांत कोर्सच न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला हलवावा लागला.

ह्या कोर्समध्ये अक्षर पण गिरवून घ्यायचे. गोल, सुटसुटीत, ठरलेल्या वळणाचं, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीचं कॅटलॉग कार्ड कोणीही लिहो, ड्रॉवरमधली सगळी एकाच हातची वाटली पाहिजेत. (वाटलीच, म्हणून तर लिहिणारीचं नाव कोणाला माहीत नाही.)

ऑल्बनीत शिकलेली कॅथरीन शार्प बघा. १८९३ मध्ये शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये तिने ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला आणि १८९७ ला इलिनॉय युनिव्हर्सिटीने बोलावलं तर तो वर्गच सोबत घेऊन गेली, लायब्ररीची प्रमुख पण तीच आणि शाळेची पण तीच. तिच्या हाताखाली काम केलेली इझाडोर मज १९११ मध्ये कुठे लागली, तर कोलंबियातच! १९४१ पर्यंत तिथला रेफरन्स विभाग तिने सांभाळला. कुठल्या प्रश्नाला कुठलं पुस्तक उघडायचं हे सांगणारं जाडजूड गाइड अ‍ॅलिस क्रोगरने १९०२ मध्ये काढलं होतं, ती १९०९ ला वारली, पुढच्या आवृत्त्या मजबाईंनी केल्या आणि लोक त्याला नुसतं 'मज' म्हणायला लागले. १९२६ मध्ये ऑल्बनीची शाळा, म्हणजे ड्युईचाच तो कोर्स, परत कोलंबियात आली, तिथे त्या शिकवायला पण होत्या.

आणि ड्युईचं म्हणाल तर बायकांशी त्याचं वागणं आणि त्याचा वंशद्वेष ह्यापायी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं, संस्थेच्या स्थापनेत तो होता तरी. आपल्याकडे पुस्तकांच्या पाठीवर त्याचेच नंबर आहेत, ते राहू द्या, नंबर चांगलेच आहेत. पण पुढच्या ऑगस्टला त्याचा दाढीवाला फोटो छापण्याऐवजी शार्पबाईंचा छापा की, मजकूर अर्धा कॉलम असला तरी चालेल.

आपली,
कॉलेज लायब्ररीत नोकरी केलेली एक वाचक