नेटमची लांब फांदी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

बीजधारींचा, म्हणजे बिया धरणाऱ्या झाडांचा, वंशवृक्ष डीएनएवरून काढणार आहेस, तर आधी पानं नीट सांभाळ. कोवळं पान तोडल्याबरोबर वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये वाळव. सूचिपर्णी आणि सायकसच्या पानांत फिनॉल नि चिकट शर्करा भरपूर. म्हणून २ टक्के सीटॅबच्या (पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या रसायनाच्या) द्रावणात फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी आणि पूड काळी पडू न देणारं किंचित मरकॅप्टोइथेनॉल घालून पूड ६५ अंश सेल्सियसला अर्धा-पाऊण तास ठेव. शेवटी डीएनएचा गोळा तपकिरी दिसला तर फिनॉल राहिलं, शेंबडासारखा बुळबुळीत झाला तर शर्करा. दोन्हींमुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडतो आणि बोल मात्र ती सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, बिचाऱ्या प्रायमरला, लागतो.

खरी गंमत पुढे आहे. नेटम, इफेड्रा आणि वेल्विचिया या त्रिकुटाच्या लाकडात सपुष्प वनस्पतींसारख्या वाहिन्या असतात, त्यामुळे बाह्यरूपावरून त्यांना बरीच वर्षं फुलझाडांचे सख्खे नातलग मानलं जाई. १९९९-२०००च्या सुमारास जनुकांनी त्यांना उचलून सूचिपर्णींच्या, बहुधा पाइनच्या कुळाच्या, शेजारी नेऊन बसवलं.

पण हरितलवकाच्या (पानातल्या हिरव्या कणांच्या) जनुकांतून कोडॉनची, म्हणजे एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरी शब्दाची, फक्त तिसरी अक्षरं घेतलीस, तर हे त्रिकूट साऱ्या बीजधारींपासून सर्वांत आधी फुटलेलं दिसतं! तिसरं अक्षर बदललं तरी अमिनो आम्ल बहुधा तेच राहतं, म्हणून ते सतत बदलतं. ए-चा जी झाला, जी-चा पुन्हा ए झाला, की मधला बदल आपल्याला दिसतच नाही. त्यात या गटाची जनुकं भराभर बदलणारी आणि जवळचे नातलग कधीच नामशेष झालेले. अशा लांब, म्हणजे खूप बदल साठलेल्या, फांद्या योगायोगाने जुळलेल्या अक्षरांवरून एकमेकींना चिकटतात; म्हणून हे त्रिकूट वृक्षाच्या मुळाशी ओढलं जातं.

बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीच्या भरवशाचा शंभरपैकी आकडा, १०० आला म्हणून हुरळू नकोस. तो त्याच पोत्यातून पुन्हा पुन्हा मूठ भरतो. पोतंच किडकं असेल तर प्रत्येक मुठीत कीड येणार. तिसरी अक्षरं वगळून एकदा आणि अमिनो आम्लांवरून एकदा, असा वृक्ष काढून ताडून बघ. एकट्या वेल्विचियावर भागवू नकोस, तिन्ही प्रजाती घे. बाह्यगट, म्हणजे वृक्षाचं मूळ ठरवायला घेतलेले बाहेरचे नातलग, म्हणून नेचे चालतील, पण दोन-चार तरी हवेत. केंद्रकातली जनुकं घेशील तेव्हा एका प्रतीचीच निवड. बीजधारींच्या पूर्वजात अख्खा जनुकसंच दुप्पट झाला होता, असं मानायला चांगला आधार आहे. चुकीच्या प्रतींची जोडी लावलीस तर जातींची फारकत म्हणून तू जनुकाचं दुपटीकरण मोजत बसशील.

काळ मोजताना जीवाश्माचं वय ही किमान मर्यादा धर, कारण वंश त्याहून जुनाच असतो. उलट बाजूही आहे: सायकसचा वंश डायनासोरांहून जुना, पण आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १.२ कोटी वर्षांतच फुटल्या, असं २०११च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द प्रबंधात जपून वापर.

पहिले दोन वृक्ष निघाले की पाठव, शेजारी शेजारी ठेवून बघू.

तुझी,
आई