छकुलीच्या सिकलसेलबद्दल

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या छकुलीच्या रिपोर्टवर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार, आलं हे वाचून जीव कळवळला. पण त्याहून लागलं ते 'हिच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे' हे घरातलं बोलणं. ते साफ चूक आहे. एसएस लेकराला एक 'एस', म्हणजे सिकलसेलचा जनुक, आईकडून मिळतो, दुसरा बापाकडून. एकट्या आईकडून हा आजार येतच नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाहक, म्हणजे एकच 'एस' असलेली माणसं, पुष्कळ, कारण हा मुलूख पिढ्यान् पिढ्या हिवतापाचा, आणि एक 'एस' असला की जीवघेण्या हिवतापापासून थोडं रक्षण मिळतं. दोन झाले की मात्र हिवताप जास्तच भोवतो, म्हणून छकुली मच्छरदाणीतच निजली पाहिजे. सासूबाईंना हे शांतपणे सांग. आणि दिराचं लग्न जमवण्याआधी त्याचंही रक्त तपासून घ्या.

रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी 120 दिवस जगतात, तिच्या विळ्यासारख्या वाकड्या होऊन 10 ते 20 दिवसांतच फुटतात. त्यामुळे हिमोग्लोबिन कमीच राहणार, डोळे पिवळसर दिसणार. ही कावीळ चुन्याच्या पाण्यात हात धुऊन उतरत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नेऊ नकोस. ती बरी असताना हिमोग्लोबिन किती असतं तो आकडा वहीत लिहून ठेव. आजारपणात नव्या डॉक्टरांना खरी घट किती झाली ते त्यावरून कळेल. फॉलिक अ‍ॅसिड रोज द्यायचं. लोहाचं सायरप मात्र डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय नको.

आता ताप. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच आहे. या आजारात पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते आणि मग न्यूमोनियाचे जंतू काही तासांत रक्तभर पसरतात. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस. पारा 101 च्या पुढे गेला की त्याच घटकेला दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. 'सकाळी ओपीडी उघडली की नेऊ' इथेच घात होतो. दुसरी चूक म्हणजे न मोजताच तापाचं औषध पाजणं. ताप उतरलेला दिसतो, जंतू वाढतच राहतात. पेनिसिलीनची गोळी दिवसातून दोनदा, निदान पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत: तिसऱ्या वर्षापर्यंत 125 मिलिग्रॅम, छकुलीसारख्या चार वर्षांच्या लेकराला 250. पोर खेळतंय म्हणून लोक महिन्याभरात गोळी सोडतात. ती खेळते आहे ते गोळीमुळेच, असं समज. न्यूमोकोकलची, म्हणजे त्या न्यूमोनियाच्या जंतूंवरची, लस राहिली आहे का, ते आशाताईंकडून कार्डावर पाहून घे.

पाणथरी चाचपायला शिकून घे. उताणं निजवून गुडघे वर घ्यायचे, आणि बोटं बेंबीपासून डाव्या बरगडीकडे हलकेच सरकवत न्यायची. पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच कर, म्हणजे तिची नेहमीची किती बोटं लागते ते पक्कं होईल. मग रोज संध्याकाळी. एकाएकी वाढलेली लागली, ओठ-तळवे पांढरे पडले, पोर मलूल झालं, तर रक्त पाणथरीत साचतंय. तासाभराचाही उशीर करायचा नाही.

या आजारात हातपायांचं दुखणं उठतं ते बहुतेक पाणी कमी पडल्यानं, गारठ्यानं, दमणुकीनं. छकुलीसारख्या 14 किलोच्या लेकराला दिवसाला साधारण सव्वा लिटर लागतं. आपल्या उन्हाळ्यात पावणेदोन लिटरपर्यंत जाऊ दे, ताक-वरणाचं पाणी धरून. रात्री अंथरूण ओलं करेल. तिच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, तिचा दोष नाही. रागावू नकोस आणि त्यापायी संध्याकाळचं पाणी तोडू नकोस. घामेजल्या अंगानं बोडीत, तळ्याच्या पाण्यात, उतरू देऊ नकोस. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर पावसात भिजतही बसवू नकोस.

हातपाय दुखायला लागले की ऊबदार कापडानं शेक, बर्फ कधीच नाही. आधी ताप मोजायचा, मग पॅरासिटामॉल, किलोला 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसात चारदाच. सायरपच्या बाटल्या मात्र दोन ताकदीच्या येतात. पाच मिलीत 250 असेल तर तिला 4 मिली, 125 असेल तर 8 मिली. लेबल न वाचता मागचंच माप वापरलं की डोस अर्धा तरी होतो, नाहीतर दुप्पट. औषध देऊनही कळ थांबत नसेल, छाती दुखून धाप लागत असेल, तोंड वाकडं दिसलं किंवा एक हात लुळा पडला, तर घरी थांबायचंच नाही.

हायड्रॉक्सीयुरियाबद्दल डॉक्टरांना आपणहून विचार. त्यानं दुखण्याच्या खेपा कमी होतात, पण ठरल्या वेळी रक्त तपासत राहावं लागतं. अंगणवाडीताईंना सांग, पाण्याची बाटली तिच्या जवळ असू द्या आणि लघवीला जाऊ द्या. दुसरं मूल हवं असेल तर प्रत्येक वेळी चारात एक धोका तोच. दिवस गेले की लगेच सांग, तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते.

आणि आज संध्याकाळीच ठरव: रात्री 108 ची गाडी यायला वेळ लागला, तर गावात कुणाची गाडी मिळेल. त्याचा नंबर, छकुलीचं वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन आणि चालू औषधं एका कागदावर लिहून दाराजवळ चिकटव. तू शेतात असलीस तरी सासूबाईंना तो वाचून दाखवता येईल असा मोठ्या अक्षरात.

तुझी मैत्रीण