काठावरचे केंद्र सर्वांसाठी हवे

महोदय,

पाण्याच्या काठी आधुनिक क्रीडा व आरोग्य केंद्र उभे राहत असेल तर त्याचे स्वागतच आहे. मात्र आराखड्यात पोहण्याचा एकच मोठा तलाव आखून मोकळे होऊ नये. पोहण्याच्या सरावाला साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी पुरते. सांधेदुखीच्या रुग्णांना पाण्यातल्या व्यायामासाठी ३३ ते ३५ अंशांचे कोमट पाणी लागते. त्यांच्यासाठी वेगळा छोटा तलाव हवाच, आणि त्यात उतरायला कठडा असलेला सौम्य उतार. गुडघे धरलेल्या माणसाला उभी लोखंडी शिडी म्हणजे बंद दारच! इमारतीचे जोते पूररेषेच्या वर असावे, हे तर उघडच आहे. काठावरची पायवाट मात्र तिकीट न काढणाऱ्यांनाही कायम खुली राहिली पाहिजे. ही अट बांधकामाच्या करारातच लिहून घ्यावी.

– एक वाचक