फ्लॉइड रोजवाल्या दादाला मनापासून थँक्यू

दादा, इथे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तू जे समजावलंस ते अजून चारजणांना उपयोगी पडेल, आणि नुसतं थँक्स म्हटलं तर तू नेहमीसारखा अंगठा दाखवून गायब होशील.

इलेक्ट्रिक गिटारला लॉकिंग ट्रेमोलो (म्हणजे फ्लॉइड रोज, बार दाबून किंवा ओढून सगळ्या तारांचा सूर एकदम खालीवर करता येतो आणि तारा लॉक होतात असा ब्रिज) घेऊ की नको असं विचारलं की लोक एकतर 'डोळे झाकून घे' म्हणतात नाहीतर 'डोक्याला ताप आहे, लांब रहा'. तू आधी विचारलंस की वाजवतोस काय, ट्यूनिंग किती वेळा बदलतोस. खरं तर सगळं तिथेच आलं.

तार दोन्हीकडून आवळलेली, नटवर (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) क्लॅम्प आणि ब्रिजच्या सॅडलमध्ये (ब्रिजवर तार बसते तो तुकडा) बॉल एंड (तारेच्या टोकाची गोळी) कापून ठोकळ्याने दाबलेली, त्यामुळे बार कितीही दाबला तरी तार नटमध्ये अडकत नाही की खुंटीवरच्या वेढ्यातून सरकत नाही आणि सोडल्यावर परत सुरात येते, हे तू सांगितल्यावर पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला बार होताच की, पण तारा पार ढिल्या पडेपर्यंत डाइव्ह मारून (बार खाली दाबून) सुरात परत येणं त्याच्याकडून अवघडच, म्हणून तर फ्लॉइड रोज नावाच्या माणसाने हे लॉकिंगचं काढलं आणि १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. फाइन ट्यूनर (नट न उघडता ब्रिजवरच सूर जुळवायचे छोटे स्क्रू) मागाहून आले म्हणे, म्हणजे आधीचे लोक सूर जरा हलला की नट उघडून परत लावत बसायचे, धन्य आहेत.

आणि तोटेही तू लपवले नाहीस. फ्लोटिंग ब्रिज म्हणजे तराजू, एका बाजूला सहा तारा आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंग, त्यामुळे एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, एक तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात आणि भर गाण्यात तुझा बाजार उठतो. बेंड मारताना (तार बोटाने आडवी ढकलून सूर चढवताना) शेजारची तार धरून ठेवली असेल तर ती बेसूर होते, पाम म्यूट करताना (तळहाताची कड ब्रिजजवळ ठेवून तारा दाबताना) हात जड पडला तर सूर वर जातो. जाड तारा लावल्या की मागे क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू फिरवा, मग परत ट्यून करा, परत स्क्रू. इंटोनेशनबद्दल (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागावा म्हणून करायची जुळवणी) तर मी बोलतच नाही, सॅडल सरकवायला आधी तार ढिली करावी लागते, हे ज्याने डिझाइन केलं त्याने स्वतः कधी केलं असेल का देव जाणे.

सगळ्यात कामाचा सल्ला मात्र लाकडाच्या तुकड्याचा. मागच्या खोबणीत ब्लॉकच्या (ब्रिजखालचा, स्प्रिंग लागतात तो ठोकळा) बाजूला बरोब्बर मापाचा तुकडा बसवला की ब्रिज वर ओढला जात नाही, फक्त डाइव्ह होतो, मग तार तुटली तरी बाकीच्या जागेवर आणि ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार E वरून D वर उतरवणं) पण करता येतं (स्प्रिंग जरा जास्त ताणून ठेवायच्या, हे विसरू नका). बार वर ओढून हार्मोनिक किंचाळवणं आणि ते फडफडणारे आवाज गेले, पण मला ते तसेही कुठे लागतात. सगळ्या तारा एकदम न काढता एकेक बदलायची, हेही तुझंच.

स्वस्त कॉपीबद्दल तू जे बोललास ते इथे ठळक लिहितो. ब्रिज ज्या दोन खांबांवर टेकतो तिथली नाइफ एज (ब्रिजची धारदार कड) मऊ धातूची असली तर झिजते, आणि एकदा झिजली की कितीही लॉक करा, ब्रिज जागेवर परत येत नाही. तेव्हा पैसे कमी असतील तर स्वस्तातल्या फ्लॉइडपेक्षा साधा हार्डटेल (न हलणारा ब्रिज) बरा, हे माझं मत आता पक्कं झालंय, यावर भांडायला कोणी आलं तरी चालेल.

तर दादा, खूप खूप थँक्यू. आणि हो, ब्रिज काढला की खांबांना थेंबभर तेल लावायचं म्हणालास ते नक्की कुठलं, तेवढं सांग ना.