बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

ऑस्टिन, टेक्सास
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले होते, "गाडी कंपनीकडून परस्पर घेतलीस खरी, पण उद्या काही बिघडले तर दार कोणाचे ठोठावणार?" त्या वेळी बाळ रडत होते, त्यामुळे मी "आहे सोय" एवढेच म्हणून फोन ठेवला, आणि ते उत्तर दिवसभर माझे मलाच अपुरे वाटत राहिले. सांगलीच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न दोन शब्दांत निकालात काढणे बरे नव्हे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आधी इथला कायदा सांगतो, कारण अमेरिकेत नवी गाडी कोणाकडून घ्यायची हे केवळ गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नसते, ते त्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरते. टेक्सासच्या कायद्यानुसार गाड्या बनवणाऱ्या कंपनीला स्वतःची डीलरशिप चालवता येत नाही. टेस्लाचे मुख्यालय 2021 मध्ये याच शहरात आले, 2022 पासून इथल्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, तरीही त्या कंपनीला इथे दुकान मांडून गाडी विकण्याची मुभा नाही. तिने मॉलमध्ये जे दालन थाटले, त्याला 'गॅलरी' म्हणायचे. तिथे गाडी पाहायची, दार उघडून बसायचे, पण किमतीची बोलणी करायची नाहीत आणि मागणी मात्र इंटरनेटवर नोंदवायची. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातही थेट विक्रीला बंदी असल्यामुळे 2021 मध्ये त्याच कंपनीने नाम्बे पुएब्लो या मूलनिवासी समाजाच्या स्वायत्त भूमीवर, एका जुन्या कॅसिनोच्या इमारतीत आपले केंद्र उघडले, कारण तिथे राज्याचा तो कायदा चालत नाही. एवढी आडवळणे घ्यावी लागावीत इतका डीलरांचा हक्क इथे पक्का आहे.

हा हक्क त्यांना फुकट मिळालेला नाही, हेही मी शोधून वाचले. 1920-21 च्या मंदीत फोर्ड कंपनीने डीलरांनी न मागवलेल्या गाड्या त्यांच्याकडे रवाना केल्या आणि पैसे रोख भरा असे सांगितले. न भरावे तर एजन्सी जाण्याची भीती. डीलरने जागा घेतलेली, इमारत उभारलेली, माणसे नेमलेली, आणि कंपनी म्हणेल तेव्हा करार संपणार, अशी ती स्थिती होती. म्हणून राज्याराज्यांत कायदे झाले आणि 1956 मध्ये डीलरला कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागता यावी म्हणून केंद्रीय कायदाही झाला. बाबा, मार्चअखेर जवळ आली की कंपनीच्या आकड्यांसाठी डीलरच्या आवारात गाड्या कशा येऊन पडतात आणि त्यांच्यावरचे व्याज मालकाची झोप कशी उडवते, हे तुम्हीच मला सांगितले होते. तेव्हा या कायद्यामागचे दुखणे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. आपल्याकडे जनरल मोटर्सने 2017 अखेर देशातली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, आणि ज्यांनी पदरचे पैसे घालून शोरूम उभारली होती त्या डीलरांच्या पाठीशी अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा नव्हता. तो असायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

तरीसुद्धा मी डीलरकडून गाडी घेतली नाही, आणि याचे कारण शोरूममधली ती एक दुपार आहे.

फेब्रुवारीत आम्ही दोघे इथल्या एका मोठ्या डीलरकडे गेलो होतो. इथे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत छापलेला कागद लावावा लागतो; 1958 पासून तसा कायदाच आहे. परंतु त्या कागदाच्या शेजारी डीलरचा स्वतःचा दुसरा कागद होता, आणि त्यावर रंगाचे संरक्षण, काचांची फिल्म, दारांच्या कडांची पट्टी अशी कामे लावून साडेतीन हजार डॉलर चढवलेले होते. त्यात एक ओळ टायरमध्ये नायट्रोजन भरल्याची होती, तिचे एकशे नव्याण्णव डॉलर. बाबा, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो हे तुम्ही मला सायकलच्या पंपाशी उभे करून शिकवले होते. मी ती ओळ काढून टाकण्यास सांगितले, तेव्हा विक्रेता "साहेबांना विचारून येतो" म्हणून आत गेला आणि वीस मिनिटांनी परत आला. असे चार वेळा झाले. दर वेळी एका कोऱ्या कागदावर चार चौकोन आखून तो आकडे मांडायचा. मासिक हप्ता कमी दाखवायचा आणि कर्जाची मुदत मात्र हळूच वाढवायचा. शेवटी कर्जाच्या खोलीत बसवून आणखी दोन विमे आणि वाढीव वॉरंटी पुढे केली गेली. साडेचार तास गेले, बाळाचे दूध संपले, आणि तुमची सून मला शांतपणे म्हणाली की आपण उठू या.

अशा छुप्या आकारण्यांना आळा बसावा म्हणून इथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये नियम जाहीर केला होता, पण जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे गिऱ्हाइकाने आपली काळजी आपणच घ्यायची.

त्यानंतर थेट विकणाऱ्या एका कंपनीची गाडी आम्ही घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मागवली. रंग निवडला, किंमत दिसली, कर दिसला, आणि शेजारच्या माणसालाही त्या दिवशी तीच किंमत दिसत होती. घासाघीस नाही, आणि घासाघीस न जमणाऱ्याला जास्त भुर्दंड नाही. बाबा, मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट. ज्याला इंग्रजी सफाईने बोलता येत नाही, जो नुकताच या देशात आला आहे, जी बाई एकटीने गाडी घ्यायला जाते, त्यांनी त्या चार चौकोनांच्या कागदापुढे किती पैसे गमावले असतील याचा विचार मला अस्वस्थ करतो. उणे मात्र एक आहे, आणि ते आईला जाणवेल. गाडी एका आवारात उभी होती, फोनवर तिचे कुलूप उघडले, आणि आम्ही निघालो. कोणी हार घातला नाही, पेढा दिला नाही, चाकाखाली लिंबू ठेवले नाही. नारळ आम्ही घरी येऊन फोडला.

आता बाबांचा प्रश्न. दार कोणाचे ठोठावणार? ऑस्टिनमध्ये आमच्या गाडीच्या कंपनीचे सेवाकेंद्र घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे, आणि लहानसहान कामासाठी त्यांचा माणूस गाडी घेऊन दारात येतो. म्हणून मी निर्धास्त आहे. परंतु माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील पश्चिम टेक्सासमधल्या लहान गावात राहतात. त्यांनीही अशीच थेट गाडी घेतली आणि त्यांचे सेवाकेंद्र तीन तासांहून दूर निघाले. त्याच गावात जुन्या कंपन्यांचे दोन डीलर आहेत, त्यांच्याकडे लिफ्ट आहे, सुटे भाग आहेत, आणि नावाने ओळखणारा मेकॅनिक आहे. त्या वडिलांना मी डीलरकडूनच गाडी घ्या म्हटले असते. तुम्ही इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावून मूठ कानाशी धरायचात आणि बेअरिंग कोणते गेले ते सांगायचात, ते मी लहानपणी पाहिले आहे. डीलरची खरी किंमत त्या वर्कशॉपमध्ये आहे, विक्रीच्या टेबलावर नाही. माझी तक्रार एवढीच की कायदा सांभाळतो ते टेबल.

या दोहोंची सांगड घालता येते, आणि तिचे एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने 2021 मध्ये पद्धत बदलली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीच्या नावाने, देशभर गाडीची किंमत एक. डीलर गाडी दाखवतो, गिऱ्हाइकाच्या हाती सोपवतो, तिची देखभाल करतो आणि त्याचा मोबदला घेतो. साठ्यावरच्या व्याजाचे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरते. ही सोय महाग गाड्यांपुरतीच का राहावी, हे मला कळत नाही. टेस्लानेही जुलै 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले स्वतःचे दालन उघडले आहे, परंतु सांगलीच्या माणसाला आज त्याचा उपयोग नाही.

म्हणून तुम्ही जी नवी गाडी घेणार आहात ती सांगलीतल्या डीलरकडूनच घ्या, आणि ज्याच्या वर्कशॉपवर बाबांचा विश्वास आहे त्याच्याकडूनच घ्या, मग शोरूम लहान असली तरी चालेल. फक्त ऑन-रोड किमतीचे कोटेशन लेखी मागा. त्यात 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ असेल तर ती काढायला लावा. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही; बाहेरून दर काढून तुलना करा. ॲक्सेसरीजचे पॅकेज सक्तीचे आहे असे कोणी म्हणाले तर तसे लिहून मागा. ताबा घेण्याआधी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना बाबांनी स्वतः पाहावा, विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये.

कोटेशन हातात आले की आईने त्याचा फोटो पाठवावा. सही त्यानंतर करू. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथले सकाळचे दहा, त्या वेळी मी मोकळा असतो, आपण एकेक ओळ फोनवर वाचू.

बाळाचे दोन दात आले आहेत. आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये.

तुमचा,
बाळू