बिल माफ केलं म्हणजे भरपाई झाली काय?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब होणार आहे पण कापू नका अशी विनंती, कारण दवाखान्याच्या चुकीची भरपाई कशी मागायची यातलं अर्धं जरी मला दोन-तीन वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्या स्टॅम्प पेपरवर सही केली नसती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ऑनलाईन सेंटर चालवतो, सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला अशी कामं करतो. घरी साडेतीन एकर कोरडवाहू आहे, ती बाबा करत होते. करत होते म्हणतो कारण २०२२ च्या पोळ्याच्या आठवड्यात बाबांना ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि मग मी त्यांना एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. सलाईन लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरनं कमरेवर इंजेक्शन मारलं आणि बाबा ओरडलेच, पायाच्या बोटापर्यंत करंट गेल्यासारखं झालं म्हणाले. तो म्हणाला होते असं कधीकधी, बर्फानं शेका. तेव्हापासून बाबांच्या उजव्या पायाचा पंजा वर उचलत नाही, चप्पल पायातून निघून जाते आणि त्यांना कळत पण नाही. पुढं नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नसेची तपासणी झाली तेव्हा समजलं की ढुंगणातून पायाकडं जी मोठी नस जाते तिलाच सुई लागली, सुई वरच्या बाहेरच्या बाजूला द्यायला पाहिजे ही गोष्ट नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात म्हणे.

मग आपल्या खेड्यात होते तेच झालं. गावातले चार मोठे माणसं मध्ये पडले, डॉक्टर साहेबांकडं बैठक झाली. "डॉक्टर का मुद्दाम करते काय भाऊ, चाळीस हजार देऊन रायले, घे अन् मोकळा हो, कोर्टात गेला तं जिंदगी जाते." वरून दवाखान्याचं बिल माफ केलं ते वेगळं उपकारासारखं सांगितलं. १०० च्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की आमची कोणतीच तक्रार नाही. बाबांनी सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. मला तेव्हा वाटलं बरंच मिळालं.

त्या बैठकीत एकाही माणसाला, मला धरून, हे माहीत नव्हतं की भरपाई कशाकशाची मागता येते. आपल्याला फक्त बिल दिसते, म्हणून आपण बिलाएवढंच मागतो आणि समोरच्यानं थोडं वर दिलं की खुश होतो. पण कायद्यात बिल हा फक्त पहिला आकडा आहे. चुकीमुळं पुढं जो इलाज करावा लागला त्याचा खर्च, पुढची कित्येक वर्षं जो लागेल तो, जाण्यायेण्याचं भाडं, पेशंटजवळ राहायला जो माणूस घरी बसला त्याची मजुरी, बुडालेली कमाई, पुढं बुडणारी कमाई, मग शरीराला जो त्रास झाला तो, मनाला झाला तो, आणि चालणं-फिरणं, कोणाच्या लग्नाला जाणं, पोळ्याला बैल घेऊन निघणं हे जे कायमचं गेलं त्याचे सुद्धा पैसे धरतात. माणूस दगावला तर घर त्याच्यावर किती अवलंबून होतं त्याचा हिशोब वेगळा, नवराबायकोची साथ तुटली त्याचा वेगळा. वरून केसचा खर्च आणि व्याज.

आमच्या बाबांचाच हिशोब मांडून दाखवतो. वय ५२. शेती पण करत आणि दुसऱ्याच्या वावरात डवरणीला, फवारणीला पण जात, रोज ४०० धरा, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०,००० आणि वर्षाचे १ लाख २० हजार. अपंगाचं सर्टिफिकेट ४० टक्के आलं, म्हणजे वर्षाला ४८,००० बुडाले. ॲक्सिडेंटच्या केसमध्ये वयानुसार गुणक लावतात, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला कितीनं गुणायचं तो आकडा, २००९ च्या सरला वर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तो तक्ता ठरवून दिला, ५१ ते ५५ वयाला ११. अकरा गुणिले ४८,००० म्हणजे ५ लाख २८ हजार, आणि ही फक्त कमाई झाली, पट्टा, फिजिओथेरपी, नागपूरच्या चकरा, त्रास, हे सगळं बाकीच आहे. दवाखान्याच्या केसमध्ये हा गुणक लावलाच पाहिजे असं नाही, ग्राहक आयोग कमी-जास्त धरू शकते, पण अंदाज तरी येते ना. शिवाय सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजेच कमाईचं नुकसान असं पण नसते, हे सुद्धा सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे, ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याचा पंजा लुळा पडणं आणि ढेकळात चालणाऱ्याचा पडणं यात फरक आहेच. आणि आम्ही ४० हजारात खुश होतो.

बाईमाणसाचं तर कोणी कमाई म्हणून धरतच नाही. "ते घरीच राहे, तिची काय कमाई" असं बैठकीत सर्रास बोलतात. पण घरातल्या बाईच्या कामाला पैशात मोल आहे हे सुप्रीम कोर्टानं किती तरी वेळा सांगितलं, २००१ च्या लता वाधवा केसमध्ये महिन्याचे ३,००० धरले होते, २०२१ मध्ये परत त्यावर सविस्तर निकाल दिला. आपल्या इकडे बाई घर पाहून वावरात निंदणीला, कापूस वेचणीला जाते म्हणजे दोन्ही धरायला पाहिजे.

लेकराच्या बाबतीत तर मायबापाचं दुःख वेगळं धरलं जाते. १९९८ चा निकाल आहे, टायफॉईडच्या लेकराला नर्सनं भलतंच इंजेक्शन दिलं, लेकरू आयुष्यभरासाठी निकामी झालं, त्यात लेकराला साडेबारा लाख आणि मायबापाला मानसिक त्रासाचे ५ लाख वेगळे मंजूर झाले. चेन्नईच्या एका बाळाचं, कमी दिवसांचं जन्मलं होतं, डोळे वेळेवर तपासले नाही म्हणून नजर गेली, २०१५ मध्ये त्याला १ कोटी ८० लाख मिळाले आणि त्यात पुढच्या इलाजासाठी महागाई किती वाढेल हे पण कोर्टानं मोजलं. सगळ्यात मोठा आकडा ऐकायला येते तो कोलकात्याच्या अनुराधा साहा केसचा, ६ कोटी ८ लाख आणि व्याज वेगळं, पण त्या बाई १९९८ मध्ये गेल्या आणि शेवटचा निकाल २०१३ मध्ये लागला आणि नवरा स्वतः डॉक्टर होता म्हणून एवढं लढू शकला. आपण काही तिथं पोचणार नाही.

आपल्या कामाची केस हैदराबादची आहे. किशन राव नावाचे गृहस्थ, मलेरिया विभागातच नोकरीला, त्यांच्या बायकोला मलेरिया असताना दवाखान्यानं टायफॉईडचा इलाज केला, ती गेली, आणि जिल्हा ग्राहक मंचानं (आताचा ग्राहक आयोग) दिलेली २ लाखाची भरपाई २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम ठेवली. त्यात कोर्टानं म्हटलं की चूक उघड दिसत असेल तर प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टरचं मत आणलंच पाहिजे असं नाही. आपल्याला नेहमी हीच भीती घालतात ना, डॉक्टरच्या विरोधात कोणता डॉक्टर लिहून देणार म्हणून.

आता कुठं जायचं. पैसे भरून इलाज घेतला असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या जिल्ह्याच्याच ठिकाणी, दवाखाना नागपूरचा असला तरी २०१९ च्या नवीन कायद्यात आपण राहतो तिथं केस टाकता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखाच्या आत असेल तर फी शून्य. ऑनलाईन पण होते. वकील नसला तरी चालते, पण घ्या, आणि बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो, बाकी गरीबांनाही उत्पन्नाच्या अटीवर मिळते, तालुक्याच्या कोर्टातच त्यांची समिती असते. सरकारी योजनेतून फुकट ऑपरेशन झालं म्हणून आपला हक्क गेला असं समजू नका, १९९५ च्या शांता केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की जो दवाखाना काही लोकांकडून पैसे घेते तिथला फुकटवाला पेशंट पण ग्राहकच.

आयोगात केस टाकायची मुदत मात्र २ वर्षं. आम्ही इथंच मार खाल्ला. मला हे सगळं कळलं २०२४ च्या दिवाळीनंतर, तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती, आता उशीर माफीचा अर्ज जोडून केस टाकली आहे, समोरचा वकील स्टॅम्प पेपर दाखवते आणि आम्ही सांगतो की बाबांना पाय सुधरेल असं सांगूनच सही घेतली होती. एसटीची तिकिटं, मेडिकल स्टोअरच्या पावत्या आईनं चुलीत घातल्या, तिला काय माहीत. भरतीची फाईल मागितली तर सापडत नाही म्हणाले. खरं म्हणजे भरती पेशंटची फाईल ३ वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची हा डॉक्टरांच्या कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नाही दिली तर ती पोच सुद्धा कामात येते. मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली तर डॉक्टरच्या लायसनवर कारवाई होऊ शकते, पैसे तिथून मिळत नाही.

आणि सरकारी दवाखाना? माझा खरा जीव इथं जळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत झालं, गरीबासाठी फार चांगलं झालं, पण त्याच शांता केसमध्ये असं पण आहे की जिथं सगळ्यांनाच फुकट मिळते तो दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, केसपेपरचे पाच-दहा रुपये भरले तरी नाही. म्हणजे ज्याच्याकडं पैसे आहेत त्याला बिनफीचा सोपा आयोग, आणि जो पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जाते त्यानं सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी कोर्टात जायचं नाहीतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. जबाबदारी सरकारची असतेच, त्यात वाद नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये चंद्रिकाबाई खोडवा यांच्या पोटात नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये टॉवेल राहून गेला, त्या वारल्या, सुप्रीम कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं १९९६ मध्ये, भरपाई ३६,००० रुपये. तेहतीस वर्षं. त्याच वर्षी बंगालच्या एका शेतमजुराच्या बाबतीत, रेल्वेतून पडलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं, कोर्टानं हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि २५,००० द्यायला लावले.

भंडाऱ्याचं तर आपण कोणीच विसरलो नाही. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० लेकरं गेली, सरकारनं ५-५ लाख जाहीर केले. ते सानुग्रह मदत म्हणून असतात, म्हणजे सरकारच्या मनात आलं म्हणून दिले. भरपाई वेगळी, ती हक्कानं मागायची असते आणि त्यात कोणाची चूक हे ठरते. नसबंदीपुरती एक बरी सोय आहे, मृत्यू झाला, बिघाड झाला किंवा ऑपरेशन फेल जाऊन दिवस राहिले तर तिन्हीला ठरलेली रक्कम मिळते, कोणाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही, पण ९० दिवसांत अर्ज पाहिजे आणि हे बायांना कोणी सांगत नाही. असंच काही बाळंतपणासाठी, लेकरांच्या वॉर्डासाठी, साप चावून आलेल्या पेशंटसाठी का करता येत नाही?

मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. मेडिकलमध्ये ज्या पोरीनं बाबांची नस तपासली तिनं रात्रीची ड्युटी संपल्यावर आम्हाला अर्धा तास कागदावर चित्र काढून समजावलं, तिच्यामुळंच आम्ही शहाणे झालो. पेशंट गेला म्हणजे चूक झालीच असं पण नसते, कोर्ट पण मानत नाही, दुसरा सामान्य डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली की नाही हे पाहते. आणि रागात दवाखाना फोडणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो, २०१० च्या राज्याच्या कायद्यात तोडफोडीच्या दुप्पट पैसे भरावे लागतात आणि ३ वर्षांपर्यंत जेल आहे, म्हणजे ज्याचं नुकसान झालं तोच उलटा देणेकरी होऊन बसते.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. एक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि खाजगी दवाखान्यात ठळक अक्षरात लिहा की फाईल ७२ तासांत मिळते आणि ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं आहे, यासाठी तुमच्या पेपरनं जिल्हा परिषदेच्या मागं लागावं. दुसरी, विधी सेवा समितीची शिबिरं तालुक्याच्या कोर्टात कामाच्या दिवशी होतात, ती आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच घ्या, सोबत एक टेबल टाका, लोक पावत्या घेऊन येतील. गावातल्या बैठकीत बसायच्या आधी एकदा त्या टेबलावर बसू द्या. तोपर्यंत माझ्या सेंटरवर जो कोणी असा कागद घेऊन येईल त्याचा अर्ज मी फुकट भरून देतो, आतापर्यंत तिघांचा भरला.

आपला वाचक,
एक शेतकऱ्याचा पोरगा, जि. यवतमाळ